बीमखालचे हात

आमच्या माहेरच्या माणसांना चढायला शिकवावं लागत नाही, असं आमच्याकडे सगळे मानतात, आणि मीही मानत आले. वरंधच्या पुढे घाटरस्ता सोडून डोंगराच्या अंगाने वर गेलं की आमची वाडी लागते. पंधरावीस घरं, आणि एकही घर दुसऱ्याच्या पातळीत नाही. आमच्या ओट्यावरून पाय घसरला तर माणूस खालच्या घराच्या कौलांवर येणार, आणि कौलांवरून घसरला तर त्यांच्या गोठ्यात. अशा जागी पोरांना चढू नका म्हणणं म्हणजे घराबाहेरच पडू नका म्हणणं. म्हणून कुणी तसं म्हणत नसे. पोर आंब्यावर चढो नाहीतर गवताच्या उडवीवर, त्याला ओरडायचं नाही. जो मोठा माणूस जवळ असेल त्याने हातातलं काम टाकून खाली जाऊन उभं राहायचं, दोन्ही हात वर करून. पोर कुणाचं, त्या घराशी आपलं बोलणं आहे की बंद आहे, हे तेव्हा बघायचं नाही. आणि एखादं पोर घसरताना दिसलंच, तर ज्याला दिसलं त्याने "हात!" म्हणून हाळी द्यायची. ती ऐकली की शेणाने भरलेले हात, पिठाने भरलेले हात, सगळे धावत यायचे. आमच्या काकीशी बांधाच्या भांडणावरून आमचं बोलणं बंद होतं, त्याच काळात तिने मला फणसावरून पडताना झेललं होतं. झेललं, खाली ठेवलं, आणि तोंड फिरवून निघून गेली.

या वाडीचा हिरो म्हणजे माझा थोरला भाऊ, आमचा दादा. वाडीतली निम्मी पुरुषमंडळी मुंबईला कामाला असायची आणि तिथे त्यांचं स्वतःचं गोविंदा पथक होतं. दादा लहान होता तेव्हा दरवर्षी दहीहंडीला कुणीतरी येऊन त्याला मुंबईला घेऊन जायचं, सगळ्यात वरच्या थरावर चढवायला. तो वर गेला की मागे वळून बघत नसे, थरथरत नसे, हसत हसत मडकं फोडायचा म्हणे. परत आला की वाडीत त्याची जवळजवळ वरात निघायची. "रक्तातच हाय ते आपल्या," असं म्हातारे म्हणायचे, आणि आम्ही बाकीची भावंडं, ज्यांनी काहीच केलेलं नसायचं, तीसुद्धा छाती फुगवून फिरायचो.

अशा खानदानातली मी, आणि माझ्या पोटी जन्माला आलेली मुलगी खुर्चीवर चढायलाही घाबरायची.

ती महाडात वाढली, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. मी पोलादपूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, नवरा एमआयडीसीत पाळीवर. मुलगी हुशार, बोलायला तिखट, पण अंग लाकडाचं. वाकून पायाचे अंगठे धर म्हटलं की तिचे हात नडगीपर्यंत जायचे आणि तिथेच थांबायचे. याचा दोष मी अर्थातच सासरला दिला. माझ्या सासरची माणसं देवापुढेसुद्धा कमरेत वाकत नाहीत, मान तेवढी हलवतात. नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "बरं झालं, एक तरी जमिनीवर राहील." मला त्याचा राग आला आणि तो बरेच दिवस टिकला.

मुलगी आठ वर्षांची असताना एक दिवस शाळेतून आली आणि म्हणाली, मला जिमनॅस्टिक्सला जायचंय. आमच्याच इमारतीतली तिची मैत्रीण जाणार होती. चवदार तळ्याच्या पुढे एका जुन्या हॉलमध्ये एक नवा वर्ग सुरू झाला होता. शिकवणारी पुण्याकडची, स्वतः खेळलेली, लग्न होऊन महाडात आलेली तरुण मुलगी. हॉलच्या भिंतीवर पुराची रेघ माझ्या डोक्याच्याही वर होती, रंग दिल्यावरही ती रंगाखालून दिसायचीच. चार गाद्या, एक दोरी, आणि सुताराकडून करून घेतलेला एक लांबलचक लाकडी ओंडका, वर जाड कापड ताणून बसवलेला. गुडघ्याएवढ्या उंचीचा. त्यालाच बीम म्हणायचं. मुलींनी त्याच्यावर चालायचं, वळायचं, एका पायावर तोल धरायचा, उडी मारायची.

पहिल्या दिवशी मॅडमनी सगळ्या मुलींना वाकवून, ताणून पाहिलं. मैत्रिणीने दोन पाय दोन बाजूंना सरळ पसरले आणि जमिनीला टेकून बसली, जणू घरी रोज तशीच जेवायला बसत होती. मॅडमचा चेहरा उजळला. आमच्या लेकीची पाळी आली तेव्हा त्यांनी तिच्या पाठीवर हलकेच दाबून पाहिलं, मग आणखी थोडं दाबलं, आणि मग हात काढून घेतला. नंतर मला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "ताई, खोटं सांगत नाही. काही मुलींच्या अंगात हे उपजत असतं. हिच्यात नाहीये. ती येऊ दे, तिला मजा येईल, व्यायाम होईल. पण फार अपेक्षा ठेवू नका."

मी शिक्षिका आहे. पालकांना अशी वाक्यं मी स्वतः कितीतरी वेळा ऐकवली आहेत, तीही याच गोड आवाजात. पण आपल्या पोराबद्दल ऐकताना ती वेगळी लागतात. "आमच्या घराण्यात सगळ्यात वरच्या थरावर चढणारी माणसं झालीत," असं मी त्यांना तिथल्या तिथे ऐकवलं. मॅडम नम्रपणे हसल्या. घरी येईपर्यंत मी मुलीला सांगून टाकलं की हा वर्ग काही धड दिसत नाही, आपण पेटी शिकू. ती म्हणाली, "मी उद्या जाणार आहे." बस्स, एवढंच. माझ्याशी वाद घालताना ती कधीच जास्त शब्द वापरत नाही, कारण माझ्याकडे ते भरपूर असतात हे तिला माहीत आहे.

आणि ती जात राहिली. मैत्रीण महिन्याभरात हातांवर उभी राहायला लागली. आमची भिंतीला पाय लावून उभी राहायची आणि लाल होऊन धपकन खाली यायची. मैत्रिणीला जे एकदा दाखवलं की यायचं, ते हिला आठवडाभर घोटावं लागायचं, आणि आठवड्याने आलं तरी ओबडधोबडच. मी बघत बसायचे आणि जीभ चावायचे. ती मात्र मैत्रिणीवर जळतही नव्हती. उलट तिचं कौतुक असं सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, हे सगळं हिनेच तिला शिकवलंय.

माझं खरं भांडण झालं ते बीमवरून. एकदा मी शाळेतून लवकर सुटले आणि थेट हॉलवर गेले. मुलगी त्या ओंडक्यावर एका पायावर उभी, दुसरा पाय मागे उचलून पुढे झुकलेली. तिचा तोल जायला लागलेला मला दारातून दिसला. मॅडम तिच्या शेजारीच उभ्या होत्या, हाताच्या अंतरावर. आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले होते. मुलगी गेली. गादीवर कुल्ल्यावर आपटली. मॅडमनी हात पाठीमागून काढलेसुद्धा नाहीत. "छान पडलीस," म्हणाल्या. "चल, वर."

माझ्या तोंडून "हात!" असं ओरडून झालं होतं. सगळ्या पोरी माझ्याकडे बघायला लागल्या. मी आत जाऊन मॅडमना विचारलं, तुम्ही शेजारी उभ्या राहून करता काय? मूल पडतंय दिसत असताना हात मागे घेऊन उभं राहायला काळीज कशाचं लागतं? आमच्या वाडीत वैऱ्याचं पोर पडलं तरी माणूस धावतो, असं मी बोलले, आणखीही बरंच बोलले. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ताई, सुरुवातीला मी धरते. रोज धरते. पण एक दिवस हात काढून घ्यावाच लागतो. मी खाली आहे हे मुलीला कळलं की ती माझ्या हातावर तोल टाकते, स्वतःच्या पायावर नाही. गादी आहे, उंची गुडघ्याएवढी आहे. तिला पडू दे."

मला पटलं नाही. खरं सांगायचं तर आजही शंभर टक्के पटलेलं नाही. पण मुलगी मध्येच म्हणाली, "आई, तू बाहेर थांब ना." मग मी बाहेर थांबले.

पावसाळ्यात दादा आमच्याकडे आला. तळीयेची दरड कोसळल्यापासून आमच्या वाडीतली माणसं जोराच्या पावसाचा इशारा आला की डोंगरावर झोपत नाहीत. कुणी वरंधला शाळेत उतरतं, कुणी नातेवाइकांकडे. टाळेबंदीत मुंबईचं काम सुटल्यावर दादा वाडीतच परतला होता आणि म्हशी पाळत होता. म्हशी वरंधला ओळखीच्या गोठ्यात बांधून तो आणि वहिनी आमच्या दोन खोल्यांत राहायला आली. आता तो पन्नाशीकडे झुकलाय, पोट सुटलंय, गुडघे दुखतात. पण बसतो मात्र अजूनही वरच्या थरावर बसल्यासारखा.

पावसाने वर्ग बंद होता, म्हणून मुलीने बापाकडून इलेक्ट्रिकची काळी चिकटपट्टी घेतली आणि स्वयंपाकघराच्या दारापासून गॅलरीपर्यंत फरशीवर एक सरळ पट्टा चिकटवला. तोच बीम. त्याच्यावर ती तासन्‌तास चालायची, टाचा उचलून, हनुवटी वर करून. दादाने पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा चहाची कपबशी खाली ठेवली आणि उठला. तिच्या शेजारून, दोन्ही हात पसरून, तिच्याबरोबर चालायला लागला. ती वळली की तोही वळायचा. मी आणि वहिनी हसून हसून बेजार.

"दादा, अरे ती फरशीवर आहे! फरशीवरून कुठे पडणार?"

"तू गप गो," तो म्हणाला. "पोर तोल धरतंय, दिसत नाय काय तुला?"

मुलगी थांबली. "मामा, हात मागे घ्या."

"कशाला गो बाय?"

"तुमचे हात दिसले की मी तिकडेच कलते."

दादाने हात मागे घेतले खरे, पण त्याचा चेहरा उतरला. रात्री जेवताना तो माझ्याशी कमी आणि ताटाशी जास्त बोलत होता. "हात नको म्हनते," असं दोनदा म्हणाला. वाडीत त्याला असं कुणी कधी म्हणालं नव्हतं. मग थोड्या वेळाने स्वतःलाच समजावल्यासारखं म्हणाला, "पन चालते बग कशी. रक्तातच हाय. आमच्या बाजूचं रक्त हाय ते." मी मान डोलावली. इतके दिवस मॅडमकडून उलटंच ऐकत होते, त्यामुळे हे ऐकून मला फार बरं वाटलं. माझा नवरा मात्र आमटी वाढून घेत शांतपणे म्हणाला, "रक्त कुणाचंही असो, पट्टी माझ्या टूलबॉक्सातली आहे."

दिवाळीनंतर महाडात आसपासच्या तालुक्यांतल्या मुलींची स्पर्धा ठरली. पोलादपूर, माणगाव, म्हसळा, बऱ्याच ठिकाणच्या मुली येणार. त्यासाठी पनवेलहून टेम्पोतून खरा बीम आला. तो उतरवताना मी पाहिला. आमच्या मुलीच्या छातीएवढा उंच आणि रुंदीला माझ्या वितीपेक्षाही कमी. त्याच्यावर कुणाला चढवायचं हे मॅडम ठरवणार होत्या, आणि आमच्या वर्गातून दोघींनाच चढता येणार होतं. मैत्रीण तर नक्कीच. दुसरी जागा आपल्याला मिळावी म्हणून आमची मुलगी रात्री देवापुढे उभी राहायला लागली. तीही मान तेवढीच हलवायची.

मॅडमनी निवड कशी केली, ते मला त्यांच्याकडूनच कळलं. त्यांनी मुलींना लहान बीमवर चालायला लावलं आणि मध्येच टाळी वाजवून सांगितलं, आता पडा. मुद्दाम पडा. बहुतेक पोरी घाबरल्या, कुणी बीम कवटाळला, कुणी हात आधी टेकला. आमची मुलगी सहज उतरल्यासारखी पडली, गुडघे वाकवून, आणि लगेच उठून वर चढली. वर्षभर तिने दुसरं केलं काय होतं? मॅडम मला म्हणाल्या, "उंच बीमवर मी हिला पाठवतेय. हिला पडता येतं." हे कौतुक कसं घ्यावं ते मला समजेना. पण दुसऱ्या दिवशी मी शाळेत, बसमध्ये, भाजीवाल्याकडे, सगळीकडे सांगून आले की माझी मुलगी उंच बीमवर खेळणार. कशामुळे निवडली ते कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

दादाला फोन केला तर तो म्हणाला, "येतोय." तो एकटा येईल असं मी समजले होते. सकाळी हॉलवर बघते तर दादाबरोबर वाडीतले पाच पुरुष, इस्त्रीचे शर्ट घालून, पहिल्या रांगेत. सगळे दादाहून मोठे, एके काळी मुंबईच्या पथकात खालच्या थराला उभे राहिलेले, खांदे अजून तसेच रुंद. त्यांनी पहिली रांग धरली ती काही बघायला नव्हे, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मैत्रिणीचा खेळ आधी झाला. ती बीमवर अशी फिरली की टाळ्यांनी हॉल भरून गेला. एकाही क्षणी तिच्याबद्दल भीती वाटली नाही. उपजत म्हणतात ते हेच, हे मी तेव्हा मनापासून मान्य केलं.

मग आमची. मॅडम तिच्याबरोबर बीमपर्यंत गेल्या आणि बाजूला उभ्या राहिल्या, हात पाठीमागे. मुलीने बीमवर दोन्ही तळवे टेकवले, अंग उचललं, पाय टाकला आणि उभी राहिली. एवढी उंच ती मला कधी दिसली नव्हती. टाचा उचलून ती चालायला लागली. चालणं झालं, वळणं झालं. मग एका पायावर उभी राहून दुसरा पाय मागे उचलायला लागली, आणि मला तेच दिसलं जे त्या दिवशी हॉलच्या दारातून दिसलं होतं. खालचा पाय थरथरायला लागला. हात हवेत गोल फिरले.

"हात!"

ही हाळी मी दिली नव्हती, देवाशपथ. ती दादाने दिली. आणि पहिली रांग उठली. पाच-सहा दांडगे पुरुष, चपला मागे टाकून, प्रेक्षकांपुढे बांधलेली दोरी ओलांडून, गादीवरून धावत बीमखाली गेले आणि दोन्ही हात वर करून गोलाकार उभे राहिले. पाहुण्या परीक्षक बाई खुर्चीतून उठल्या. कुणीतरी शिट्टी वाजवली. सगळा हॉल मोठ्याने हसला. मला वाटलं, आता पृथ्वी पोटात घेईल तर बरं.

आणि वर बीमवर, एक पाय हवेत असलेली माझी मुलगी. तिने खाली बघितलंच नाही. नजर समोरच्या भिंतीवर ठेवून ती ओरडली, "मामा, मागे व्हा! सगळे मागे व्हा! मी पडले नाहीये!"

आणि खरंच पडली नव्हती. तिचा पाय हळूहळू स्थिर झाला होता, त्या सगळ्या गोंधळात. मागे उचललेला पाय तिने सावकाश खाली आणला, आणि दोन्ही पायांवर उभी राहिली.

परीक्षकांनी एकमेकांशी बोलून सांगितलं की बाहेरची माणसं आत आल्यामुळे गुण कापले जातील, पण मुलीला हवं असेल तर पहिल्यापासून सुरुवात करता येईल. नको असेल तर तिने उतरावं, कुणी काही म्हणणार नाही. मॅडमनी विचारलं, "काय करायचं?" मुलगी म्हणाली, "पहिल्यापासून." मामाच्या दिशेने तिने एकदाच पाहिलं. ती रागाची नजर थेट माझी होती, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

दादा आणि मंडळी माना खाली घालून परत रांगेत येऊन बसली. दादा माझ्या शेजारीच बसला. बसल्यावर त्याने दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर अंगाचं सगळं वजन टाकलं. बाकीच्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि एकेकाने तसंच केलं.

मुलगी पुन्हा चढली. चालणं, वळणं. एका पायावरचा तोल या वेळी सुरेख जमला. मी श्वास सोडला, आणि त्याच वेळी, पुढच्या लहानशा उडीला, तिचा पाय बीमच्या कडेवर पडला आणि ती खाली गेली.

दादाच्या घशातून एक आवाज आला. पण तो उठला नाही. त्याचे खांदे वर आले, मानेच्या शिरा ताणल्या, पण हात मांड्यांखालीच होते. मी त्याच्या दंडाला धरलं होतं, त्याला आवरायला की स्वतःला, कोण जाणे. मुलगी गुडघे वाकवून गादीवर पडली होती, जशी शिकली होती तशी. एक परीक्षक घड्याळाकडे बघत होत्या, कारण मोजक्या सेकंदांत परत चढावं लागतं. तिच्या आजूबाजूला कुणी नव्हतं. मॅडमचे हात पाठीमागे होते. ती उठली, हात घसरू नयेत म्हणून तळव्यांना खडूची भुकटी लावली, बीमवर हात टेकवले, आणि अंग उचललं. पहिल्या खेपेला पाय पोचला नाही. दुसऱ्या खेपेला पोचला. ती उभी राहिली, हनुवटी वर केली, आणि जी उडी चुकली होती तीच पुन्हा मारली. या वेळी दोन्ही पाय बीमवर आले. मग टोकाशी जाऊन ती खाली उतरली, दोन्ही हात वर करून उभी राहिली, आणि परीक्षकांना नमस्कार करायला वाकली. नीट वाकली, कमरेत.

आठ मुलींत ती सातवी आली. मैत्रीण पहिली. आमच्या मुलीने मैत्रिणीला उचलायचा प्रयत्न केला आणि दोघी पडल्या.

बाहेर टपरीवर चहा प्यायला थांबलो तर वाडीतली मंडळी आता जरा सैलावली होती. त्यांतले एकजण चहावाल्याला सांगायला लागले, "ती आमची पोर. वाडीवरली. चढायचं आमच्या रक्तातच हाय. हिचा मामा हा, बगा, मुंबईत वरच्या थराला चढायचा."

मला वाटलं, दादा खूश होईल. नेहमी होतो. या वेळी त्याने हातातला ग्लास खाली ठेवला.

"नाय वो," तो म्हणाला. "मी चढायचो कारन खाली तुमी होता. वाडीत चढायचो तवा पन खाली कोनीतरी व्हतं. हात नसताना मी जन्मात कवा चढलो नाय. कवाच नाय." त्याने हनुवटीने समोर दाखवलं. मुलगी थोडं पुढे मैत्रिणीबरोबर वडापाव खात उभी होती, तिच्या गुडघ्याला गादीचा लाल ओरखडा होता. "आपल्या रक्तात खालचे हात हायत," दादा म्हणाला. "हात नसताना चढली ती हीच पयली."

चहावाला कुणाकडे बघावं ते न कळून ग्लास विसळायला लागला. माझा इतक्या वर्षांचा अभिमान, रक्ताचा, वाडीचा, वरच्या थराचा, त्या एका वाक्याने माझ्या हातून गेला, आणि त्याच्या जागी जो आला तो इतका मोठा होता की मला बोलताच येईना. मी, जिच्याकडे शब्द भरपूर असतात, ती भर रस्त्यात पदर तोंडाला लावून रडत होते. दादा मुलीजवळ गेला. तिने त्याला रागानेच विचारलं, "मामा, पुढच्या वेळी पण मध्ये येणार का?"

"येनार," दादा म्हणाला. "पन हात बांधून."